कॉलेज लायब्ररीत नवीन आहे, हाताखाली घेऊन शिकवणारं कोणी नाही. सातारा-सांगलीकडच्या अनुभवी ग्रंथपालांनी सांगा

पायरीवरची_वाचक (सातारा)

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यातल्या एका सिनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे, एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) आणि सेट झालंय, नोकरीला अजून फार वर्षं झाली नाहीत. माझ्या आधीचे सर मी जॉईन व्हायच्या बऱ्याच आधी रिटायर झाले आणि मधल्या काळात चार्ज कॉमर्सच्या एका सरांकडे होता, त्यामुळे मला चार्ज मिळाला म्हणजे कपाटांच्या किल्ल्या, दाखल नोंदवह्या (आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर घालून ज्यात लिहितात त्या) आणि सही करायला एक यादी, बस. कुठली पुस्तकं कुठल्या विभागात कायमची जाऊन बसलीत, कुठला विक्रेता किती डिस्काउंट देतो, कुठल्या मासिकाची वर्गणी कधी संपते हे सगळं जुन्या सरांच्या डोक्यात होतं आणि ते डोकं त्यांच्याबरोबरच घरी गेलं.

आता परिस्थिती अशी आहे की नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन) चार पॉईंट दोन म्हणजे ग्रंथालयाचा भाग माझ्याकडे, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडे (जुना मराठी डेटा सगळा श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाईप केलेला, कोहात घेतला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात), ग्रंथालय समितीची मीटिंग माझ्याकडे, पण मीटिंगमधे मी फक्त इतिवृत्त लिहिते, निर्णय बाकीचे घेतात. पडताळणी, म्हणजे नोंदवहीतली पुस्तकं खरंच जागेवर आहेत का ते मोजणं, कित्येक वर्षांत झालेली नाही आणि मला मनातून भीती वाटते की मी ती सुरू केली आणि पुस्तकं कमी निघाली तर वसुली माझ्याकडून होईल. बी.लिब.ला मॅनेजमेंटच्या पेपरात पोस्डकॉर्ब (व्यवस्थापनाच्या कामांची आद्याक्षरी यादी) तोंडपाठ केलं होतं पण प्राचार्यांकडे जाऊन बजेट कसं मागायचं, समितीत आपलं म्हणणं कसं रेटायचं, वयानं मोठ्या माणसाला काम कसं सांगायचं हे कुणी शिकवलं नाही.

मला या कामात पुढं जायचंय, नुसतं देवघेव काउंटर सांभाळून रिटायर व्हायचं नाहीये. तुम्हाला कुणी घडवलं का? कसं? आणि असं माणूस आज कुठं शोधायचं?

---

कृष्णाकाठचा_ग्रंथपाल (सांगली, निवृत्त)

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, कारण प्रश्न विचारणारे ग्रंथपाल हल्ली कमी दिसतात. जरा सविस्तर लिहितो.

आपण सगळे १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो, पण त्यांची सुरुवात कशी झाली हे विद्यार्थ्यांना कुणी नीट सांगत नाही. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून ते रुजू झाले तेव्हा ते गणिताचे मास्तर होते, ग्रंथालयाचं कसलंही शिक्षण नाही, आणि त्या कामात त्यांचा जीवही रमत नव्हता, परत शिकवायला जायची धडपड चालली होती. मग ते लंडनला गेले, तिथे त्यांना सेयर्स नावाचे गुरू मिळाले, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते मुख्य ग्रंथपाल होते. वर्ग तर झालेच, पण खरं शिक्षण झालं ते हिंडून. रंगनाथनांनी इंग्लंडातली कितीतरी ग्रंथालयं आतून बघितली, लोक तिथे कसे काम करतात, वाचक कसा वागतो, मांडणी कशी चुकते, सगळं. परत आले ते दुसराच माणूस होऊन. १९३१ चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आणि १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, हे त्यानंतरचं. म्हणून माझा पहिला सल्ला, प्राचार्यांकडून पत्र घ्या आणि आजूबाजूची चार ग्रंथालयं बघून या, प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण दिवस, काउंटरच्या आतल्या बाजूला बसून. सातारचं नगरवाचनालय बघा, कोल्हापूरला विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय बघा, सांगलीला या. चहा मी पाजतो.

दुसरं, तुमच्या जुन्या सरांना शोधा. ते असतीलच कुठंतरी जवळपास. पण जाऊन "सर मार्गदर्शन करा" म्हणू नका, त्याला उत्तरच नसतं, माणूस दोन उपदेश करतो आणि चहा पाजून पाठवतो. नोंदवहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून न्या आणि बोट ठेवून विचारा, सर या नंबरपासून पुढं शेरा कॉलम कोरा का आहे, ही देणगीची पुस्तकं कुणाची, या विभागाला एवढी पुस्तकं कुणाच्या सहीनं दिली. बघा कसे बोलते होतात. निवृत्त माणसाला त्याच्या कामाबद्दल कुणी नेमकं विचारलं की तो दोन तास उठत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतोय.

आता घडवण्याबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आमच्या लायब्ररीच्या तळमजल्यावर शिरलं. त्याच पुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयाचंही अतोनात नुकसान झालं, सगळ्यांना माहीत आहे. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तर खालचे रॅक चिखलात, पुस्तकं फुगून रॅकमधे इतकी घट्ट बसलेली की एक ओढलं तर पुठ्ठाच हातात यायचा. विद्यार्थी, प्राध्यापक, शेजारपाजारचे लोक मदतीला धावले आणि जो तो हाताला येईल ते पुस्तक उचलून बाहेर उन्हात टाकायला लागला. आमच्याकडे एक मुलगी नुकतीच सहायक म्हणून लागलेली. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, सर आधी काय वाचवायचं ते ठरवू या, नाहीतर संध्याकाळपर्यंत भरपूर पुस्तकं वाळतील आणि नको ती वाळतील. मी सगळ्यांच्या समोर सांगितलं की आजपासून हे काम हिचं, ही सांगेल तसं करायचं, मी पण हिच्याच हाताखाली आहे.

तिनं क्रम लावला. पहिल्यांदा दाखल नोंदवह्या, कारण त्या गेल्या तर काय होतं आणि काय गेलं हेच सांगता येणार नाही. मग जिल्ह्याच्या इतिहासाची आणि पुन्हा बाजारात न मिळणारी पुस्तकं, बांधीव जुनी मासिकं. क्रमिक पुस्तकं सगळ्यात शेवटी, ती परत विकत घेता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं तिनं वेगळी काढायला लावली कारण ती वाळली की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, ओली असतानाच पानांमधे कोरा कागद घालावा लागतो. उन्हात टाकायचं बंद केलं, सावलीत पंख्याखाली उभी करून पानं थोडी पसरून ठेवली, छापलेला पेपर मधे घालू दिला नाही कारण शाई उतरते. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते, म्हणजे वेळ तेवढाच. तिनं मुलांच्या पाळ्या लावल्या, वयानं मोठ्या प्राध्यापकांना सुद्धा काम नेमून दिलं आणि त्यांनी ते ऐकलं. का ऐकलं, तर पहिल्याच तासाला सगळ्यांना कळलं होतं की या कामाची मालकीण कोण आहे. नंतर संस्थेचे पदाधिकारी आले, मला विचारायला लागले, तर मी म्हटलं तिला विचारा. आज ती स्वतः एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि उत्तम चालवते.

माझं ठाम मत आहे, नेतृत्व शिबिरात येत नाही. एक पूर्ण काम नावानिशी द्यायचं, वरिष्ठानं शेजारी बसून राहायचं आणि विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. आमच्या पिढीनं हे फार कमी केलं, किल्ल्या रिटायर व्हायच्या दिवशी दिल्या. म्हणून तुमच्यासारख्यांची ही अवस्था आहे. माझी सगळ्या वरिष्ठांना हात जोडून विनंती आहे की शेवटची दोन वर्षं तरी चार्ज थोडा थोडा देत चला.

---

अकरा_महिन्यांची_ऑर्डर (विटा)

सरांचं सगळं पटलं, मनापासून पटलं, पण एक गोष्ट कुणीतरी बोलायलाच पाहिजे म्हणून बोलतो. घडवायला माणूस टिकायला तर पाहिजे ना. मी एम.लिब. करून कधीपासून तात्पुरत्या ऑर्डरवर काम करतोय, दर जूनला परत मुलाखत, मधे एक महिना ब्रेक, पगार किती ते इथं लिहायला नको. माझ्या ओळखीतल्या कितीतरी कॉलेजांत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे आणि चार्ज कुठल्यातरी प्राध्यापकाकडे दिलेला आहे, त्या बिचाऱ्याला पण तो नको असतो. एका ठिकाणी असताना मी रिफ्रेशर कोर्सला जाऊ का विचारलं तर सांगितलं की तुम्ही पर्मनंट नाही, तुम्हाला कशाला पाहिजे. आता सांगा, नेतृत्व कुणाचं आणि कसलं करायचं. जागा भरा ही मागणी आधी, मेंटॉरिंग नंतर. आणि हे मी चिडून लिहीत नाही, माझा या कामात जीव आहे म्हणून लिहितो.

तरी ताई तुम्हाला कामाचं सांगतो. श्रीलिपीचा डेटा कोहात नेण्याआधी युनिकोडमधे कन्व्हर्ट करून घ्या. सगळा एकदम करू नका, आधी शंभर नोंदी घ्या आणि जोडाक्षरं, रफार, "ऱ्य" आणि "ष्ट" हे डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथंच मार खातात. मार्कमधे (संगणकावर पुस्तकाची नोंद करायचा ठराविक साचा) २४५ ला शीर्षक, १०० ला लेखक, ०८२ ला ड्युई पद्धतीचा विषयाचा नंबर एवढं जरी स्वच्छ झालं तरी वाचकाला पुस्तक सापडतं, बाकी हळूहळू. मराठी साहित्य ८९१.४६ खाली एकसारखं येतंय का बघा, आमच्याकडे निम्म्या कादंबऱ्या ८९१.४६३ ला आणि निम्म्या नुसत्या "कादंबरी" असं पेनानं लिहून होत्या. अडलं तर कोहाचे ग्रुप आहेत, मेलिंग लिस्ट आहे, आणि तिथले लोक तुमची ऑर्डर किती महिन्यांची ते विचारत नाहीत, तुमचा प्रश्न वाचतात. कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० साली त्यांनी ते जगाला मोकळं करून दिलं, ती मदतीची पद्धत अजून टिकून आहे. मला जे काय शिकवलं ते तिथल्या अनोळखी लोकांनी.

आणि माझ्यासारखे जे तात्पुरत्या ऑर्डरवर आहेत त्यांनी एक करा, अनुभवाच्या दाखल्यात "ग्रंथपाल म्हणून काम केले" एवढ्यावर भागवू नका, काय केलं ते लिहून घ्या. "अमुक हजार नोंदींचे संगणकीकरण यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले" असं वाक्य पाहिजे. मसुदा स्वतः टाईप करून न्या, सही करणाऱ्याला सोपं जातं.

---

कृष्णाकाठचा_ग्रंथपाल

विट्याच्या मित्रा, तुझं शंभर टक्के खरं आहे आणि जागांचा प्रश्न आम्ही वरिष्ठांनी जोरात मांडायला पाहिजे, आमच्या पेन्शनीला आता कुणी हात लावणार नाही. दाखल्याचा मुद्दा फार मोलाचा सांगितलास.

---

गावची_लायब्ररीवाली (वाई तालुका)

मी कॉलेजवाली नाही, गावच्या सार्वजनिक वाचनालयात आहे, सरकारी वर्गवारीत "क" वर्ग. प्रमाणपत्राचा कोर्स केलाय, बी.लिब. आता मुक्त विद्यापीठातून चालू आहे. तरी लिहू का असं वाटलं, पण ताईंनी मीटिंगबद्दल लिहिलंय त्यावर राहवलं नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय "मी फक्त इतिवृत्त लिहिते". अहो तेच तर सगळ्यात मोठं काम आहे! आमच्या वाचनालयाचे जुने कार्यवाह होते, शिक्षक म्हणून रिटायर झालेले, त्यांनी मला हे शिकवलं. ते म्हणायचे ज्याच्या हातात इतिवृत्त त्याच्याच हातात विषयपत्रिका. समितीत बोलून कुणी ऐकत नसेल तर विषय आधीच लिहून न्यायचा, खाली ठरावाचा मसुदा तयार ठेवायचा, खर्च किती येणार तो आकडा टाकायचा आणि मीटिंगच्या आधी दोन सदस्यांना घरी किंवा स्टाफरूममधे जाऊन दाखवायचा. मीटिंगमधे मग तो विषय नवा राहत नाही. आमच्याकडं बायका संध्याकाळी वाचनालयात येत नव्हत्या कारण त्या वेळेला पेपर वाचायला सगळे पुरुष बसलेले. मला दुपारची वेळ पाहिजे होती. तोंडी मागितली तेव्हा "बघू" म्हणाले. मग कार्यवाह सरांनी मला बसवून ठराव लिहायला शिकवलं, कोण उघडणार, कोण बंद करणार, लाईटबिल किती वाढेल सगळं त्यात, आणि सूचक-अनुमोदक पण आधीच ठरवून ठेवले. पाच मिनिटांत मंजूर. आता दुपारी बायका येतात, स्पर्धा परीक्षेच्या मुली पण तेव्हाच येऊन बसतात.

अजून एक. आमच्याकडं सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे, अनुदान आहे, वर्ग आहेत, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी असते. तपासणीला बहुतेक जण घाबरतात आणि साहेब कधी एकदा जातात असं करतात. आमचे सर उलटं करायचे, साहेब आले की ते मला पुढं करायचे, "दप्तर ही दाखवेल". सुरुवातीला माझे हात थरथरायचे. पण त्यामुळं झालं काय की मला दप्तर पाठ झालं, आणि साहेबांना पण कळलं की इथं विचारायचं तर हिला. सर आता नाहीत. पण आता मी शेजारच्या गावातल्या नवीन मुलाला तपासणीच्या दिवशी बोलवून घेते, तो शेजारी बसतो आणि बघतो.

भिलार बघून या एकदा, जवळच आहे तुम्हाला. २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. तिथं घराघरात पुस्तकं ठेवलीत, घरातली माणसं ती सांभाळतात, आलेल्या माणसाला बसायला जागा देतात. एकाकडं पण बी.लिब. नाही. मी एका घरी स्ट्रॉबेरीच्या सीझनमधे गेले होते, आजी बाहेर टोपल्या भरत होत्या, आणि आत एक मुलगा पुस्तक शोधत होता तर आजींनी तिथूनच ओरडून सांगितलं की खालच्या कप्प्यात डावीकडं बघ. मला वाटतं आपल्या लायब्ररीतलं पुस्तक आपल्याला असं माहीत असलं की माणसं आपोआप आपल्याला विचारायला लागतात. हुद्दा नंतरचा.

---

कराड_काउंटर (कराड)

इथं चांगली चर्चा चाललीय. मी पण कॉलेज ग्रंथपाल, तुमच्यापेक्षा थोडा सिनियर. मी दोन वेगळे मुद्दे टाकतो.

एक म्हणजे मेंटॉर शक्यतो आपल्याच कॉलेजातला नको. प्राचार्य किंवा समितीचे अध्यक्ष कितीही चांगले असले तरी तुमचा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात असतो, त्यांच्यासमोर "मला हे येत नाही" असं तुम्ही मोकळेपणानं म्हणणार नाही आणि म्हणू पण नये. काम नेमून देणारा वेगळा आणि मन मोकळं करायचा माणूस वेगळा. सांगलीचे सर तुम्हाला तिथून बोलवतायत ही फार चांगली संधी आहे, सोडू नका.

दुसरं, फक्त वरच्याकडं बघू नका, बरोबरीच्यांकडं पण बघा. अमेरिकेत तिथल्या ग्रंथालय संघटनेचा २००७ पासून एक कार्यक्रम आहे, इमर्जिंग लीडर्स म्हणतात. नव्या ग्रंथपालांचे छोटे गट करतात आणि त्यांना संघटनेचं एक खरंखुरं काम काही महिन्यांसाठी देतात, सोबत एखादा अनुभवी माणूस असतो, आणि शेवटी वार्षिक अधिवेशनात जाऊन ते सगळ्यांसमोर मांडायचं असतं. मला त्यातलं आवडलं ते हे की भाषणं ऐकायला नाही बोलवत, काम देतात. आपल्याकडं तेवढी यंत्रणा नसली तरी हे आपण करू शकतो. आम्ही कराड, पाटण, इस्लामपूर, पलूस इकडचे काही ग्रंथपाल तसंच करतो. प्रत्येक वेळी एक जण पुढारी, विषय त्याचा, बाकीचे त्याच्या लायब्ररीत जाऊन दिवसभर काम करतात. मागे एका मॅडमकडं सगळ्यांनी मिळून नको असलेली पुस्तकं बाजूला काढली, जुन्या सिलॅबसच्या गाईडांनी दोन कपाटं अडवली होती. मॅडमनी निकष स्वतः लिहून आणले होते आणि आम्ही वाद घातला, एका सरांनी तर १९७० च्या आसपासचं एक स्थानिक स्मरणिकांचं बाड रद्दीतून परत काढायला लावलं. त्या दिवशी मॅडम सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी स्वतः निर्णय देत होत्या. आधी त्या मीटिंगमधे तोंड उघडायच्या नाहीत.

आता पडताळणीची भीती. हे नीट वाचा कारण या भीतीपायी कितीतरी लायब्ऱ्या वर्षानुवर्षं तशाच पडून आहेत. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधे २१५ नंबरचा नियम आहे. त्यात म्हटलंय की २०,००० पर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्याच्या वर असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी, आणि नमुन्यात नेहमीपेक्षा जास्त किंवा गैरवाजवी तूट दिसली तर पूर्ण. आणि महत्त्वाचं, वर्षात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी चाळलेल्या दर १,००० पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी धरलंय, मात्र ती बेइमानीनं किंवा निष्काळजीपणानं गेलेली नसावीत. १,००० रुपयांच्या वरचं किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण आपल्याकडची कॉलेजं ठराव करताना त्याचा आधार घेतात. तुमच्या संस्थेचा स्वतःचा ठराव आहे का ते आधी बघा, नसेल तर वाईच्या ताईंनी सांगितलं तसा मसुदा करून समितीपुढं ठेवा. तुमच्या चार्जच्या आधीची तूट वेगळी दिसली पाहिजे. त्यासाठीच तर पडताळणी लवकर करायची, जेवढा उशीर तेवढी ती तुमची होत जाणार.

पुढच्या महिन्यात आमचं एकत्र बसणं कराडला आहे, शनिवारी. या. मेसेज करतो.

---

पायरीवरची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोनदा वाचून काढलं आणि ते जनरल फायनान्शियल रूल्सचं वाचून तर खरंच डोक्यावरचं ओझं उतरलं. जुन्या सरांचा नंबर ऑफिसमधून मिळाला, कोरेगावला असतात. फोन केला तर आधी तुटकच बोलले, पण मी विचारलं की सर १९८० च्या दशकातल्या नोंदवहीत लाल शाईनं "प्र." असं जे केलंय ते काय, तर एकदम आवाज बदलला, म्हणाले ते प्रदर्शनाला काढलेल्या पुस्तकांचं आहे, त्यातली काही परत आलीच नाहीत, यादी माझ्याकडं घरी आहे. यादी घरी आहे! रविवारी जातेय.

कराडला पण नक्की येणार. विट्याच्या दादांचं शंभर नोंदींचं करून बघितलं, रफार खरंच सगळे तुटलेत.

फक्त एक राहिलं. आमच्याकडं परिचर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मी शाळेत होते तेव्हापासून ते या लायब्ररीत आहेत. माणूस चांगला आहे, पण मी काही बदल सांगितला की "मॅडम हे असंच असतंय इथं" म्हणून विषय संपतो. पडताळणीत त्यांच्याशिवाय माझं पान हलणार नाही. त्यांना कसं सांगू?

---

कृष्णाकाठचा_ग्रंथपाल

ताई, "प्र." ची यादी मिळतेय, म्हणजे तुमची निम्मी पडताळणी झाली म्हणा.

मामांचं असं आहे की गेली कितीतरी वर्षं त्या लायब्ररीचा खरा कॅटलॉग तेच आहेत. ग्रंथपाल बदलले, चार्ज फिरला, पण पोरानं "ते हिरव्या कव्हरचं पुस्तक" म्हटलं की काढून देणारे मामाच. आता तुम्ही कोहा आणलं की त्यांना वाटणार आपली गरज संपली. म्हणून त्यांना बदल सांगू नका, त्यांच्याकडून माहिती घ्या आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. एक दुपार त्यांच्याबरोबर रॅकमधून फिरा, कुठल्या कप्प्यात काय, का ठेवलंय, कोण नेतं. तुम्ही लिहिताय हे त्यांना दिसू द्या.

मग पडताळणीत एक विभाग पूर्ण त्यांच्या नावावर द्या. "मदत करा" असं नको. जसं माझ्याकडं त्या मुलीला दिलं तसंच, यात वय बघायचं नाही. तुम्ही स्कॅन करा, मामा रॅकवरून पुस्तक काढून नंबर वाचतील, आणि सापडलं नाही तर कुठं असू शकतं ते तेच सांगतील, शेरा पण त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्हाला कळेल की गहाळ म्हणून लिहिलेली बरीच पुस्तकं चुकीच्या कप्प्यात किंवा विभागप्रमुखांच्या कपाटात आहेत आणि मामांना ते माहीत आहे, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

संदर्भ विभागापासून सुरू करा, तिथली पुस्तकं बाहेर जात नाहीत म्हणून आकडा लवकर जुळतो आणि दोघांनाही हुरूप येतो. परीक्षा चालू असताना काढू नका, दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचे दिवस बरे, देवघेव कमी असते. आणि प्राचार्यांची लेखी ऑर्डर आधी घ्या, पडताळणी पथक म्हणून नावं त्यात टाका, तुमच्या नावाखाली मामांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. ऑर्डरची एक प्रत त्यांच्या हातात द्या.